वाघाचं अंगण

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)



माझ्या लहानपणी मिरजेत सर्कस आली की ती आधी आकाशात दिसायची. अंधार पडला की तंबूच्या डोक्यावरून एक पांढरा झोत गोल गोल फिरायचा आणि आमच्या माडीच्या भिंतीवरून सर्रकन निघून जायचा. मग दोन-चार दिवस दुसरा विषय नसे. आसपासच्या खेड्यांतून लोक बैलगाड्या जुंपून यायचे, भाकरी बांधून आणायचे आणि रात्रीचा खेळ पाहून चांदण्यातून परत जायचे. तंबूपासून आमचं घर मैलभर लांब, पण गाव निजल्यावर सिंहाची गर्जना अंथरुणात ऐकू यायची. निवांत रात्री ती आठ किलोमीटरपर्यंत ऐकू जाते, हे मी पुढे पुस्तकात वाचलं. तेव्हा फक्त पांघरूण डोक्यावर ओढून घ्यायचो आणि मनात गुदगुल्या व्हायच्या.

हे आधी सांगितलं, कारण आज मी जे बोलणार आहे ते ऐकून तुम्ही म्हणाल, ह्या गृहस्थांना सर्कशीचं वावडं असणार. तसं मुळीच नाही. मी टाळ्या वाजवणाऱ्यांतलाच आहे. पुढे परळच्या महाविद्यालयातून पशुवैद्य होऊन आलो, सरकारी नोकरीत लागलो आणि टाळ्यांच्या जोडीला सह्याही करू लागलो. सर्कस एका गावाहून दुसऱ्या गावी हलायची म्हणजे जनावरं प्रवासाला योग्य आहेत असा दाखला लागे. दवाखान्यात गाय-म्हैस-शेळी बघणारा मी, वर्षातून एकदोनदा वाघ-सिंह-हत्तींच्या दाखल्यांवर सही करायचो. डोळे स्वच्छ, भूक व्यवस्थित, अंगावर जखम नाही, ताप नाही. सही, शिक्का. अशा सह्या किती केल्या ते मोजलेलं नाही. त्या सह्यांविषयीच मला आज बोलायचं आहे.

आपल्याकडे सर्कशीला तिखट बोलणं सोपं नाही, कारण ती आपल्याच मातीतली आहे. विष्णुपंत छत्रे हे मूळचे घोड्यांचे जाणकार. किआरीनी नावाच्या इटालियन माणसाची सर्कस मुंबईत आली, ती पाहून त्यांनी ईर्षेनं १८८० साली ‘ग्रेट इंडियन सर्कस’ उभी केली. भारतीय सर्कशीचा इतिहास तिथून मोजतात. छत्रे गाण्याचेही वेडे. ग्वाल्हेरच्या हद्दू खाँसाहेबांकडे शिकलेले. खाँसाहेबांचे चिरंजीव रहिमत खाँ यांना त्यांनी पुढे वर्षानुवर्षं सांभाळलं, सर्कशीबरोबर गावोगाव नेलं. एका तंबूत वाघ डरकाळ्या फोडतायत आणि शेजारच्या राहुटीत रहिमत खाँ गातायत, अशी सर्कस जगात दुसरी झाली नसेल! आमच्या म्हैसाळच्या देवलांचीही सर्कस होती. तेव्हा ह्या भागातल्या माणसाला सर्कस म्हणजे परकी चैन वाटत नाही. ती माहेरची गोष्ट वाटते.

एक मात्र ध्यानात घ्यायला हवं. सर्कशीत वाघ-सिंह मुळात नव्हते. लंडनमध्ये फिलिप ॲस्टली यानं १७६८ साली गोल रिंगणात घोडेस्वारीचे खेळ सुरू केले, तिथून आधुनिक सर्कस निघाली. रिंगणाचा ४२ फूट व्यास पुढे जगभर कायम झाला तोही घोड्यामुळे. तेवढ्या वळणात दौडणाऱ्या घोड्याच्या पाठीवर माणसाला उभं राहून तोल सांभाळता येतो. रानातली जनावरं नंतर आली. माणसं घोड्यांना सरावली तेव्हा आली, असं म्हणायला हरकत नाही.

आणि ती आल्यावर त्यांच्याबरोबर एक नवा नायक आला. जनावरांना वश करणारा. आपल्या पुण्याचे दामू धोत्रे ह्यांचं नाव जुन्या श्रोत्यांना आठवत असेल. १९४०च्या दशकात अमेरिकेतल्या रिंगलिंग ब्रदर्सच्या सर्कशीत बिबळ्यांचे आणि काळ्या बिबळ्यांचे खेळ करून त्यांनी नाव गाजवलं. उघड्या अंगानं ते पिंजऱ्यात शिरायचे. त्यांच्या आत्मकथनाचं नावच मुळी ‘वाघ सिंह माझे सखे सोबती’. आमची पिढी ह्या ‘सखे सोबती’वर वाढली. वाघाशी माणसाची मैत्री होते आणि ती सर्कशीत पाहायला मिळते, असा आमचा पक्का समज होता.

तो समज एका माणसानं माझ्यापुरता उलगडून दाखवला. १९८३ साल असेल. एका सर्कशीतून निरोप आला की वाघीण लंगडते. गेलो. पुढच्या पंजाचं नख वाढत वाढत वळून पायाच्या गादीत शिरलं होतं. जंगलात वाघ झाडाच्या खोडावर नखं घासतो, त्यात ती झिजतात. पिंजऱ्यात फळीवर बसून ती कुठे झिजणार? वाघिणीला अरुंद पिंजऱ्यात घेऊन नख कापलं, जखम धुतली. रिंगमास्टर शेजारी उभे. त्यांना सगळे नुसतं ‘मास्तर’ म्हणत. साठीकडे झुकलेले, आमच्याच बाजूचे, बोलणं अगदी वारणाकाठचं. चहा घेताना मी त्यांना भाबडेपणानं विचारलं, “मास्तर, हिचा तुमच्यावर फार जीव असेल, नाही का?”

ते हसले. म्हणाले, “डॉक्टर, जीव माझा हाय तिच्यावर. तिचं मला ठावं न्हाई.” मग जमिनीवर काडीनं त्यांनी तीन रेघा मारल्या. “वाघाला घर नसतं, पण अंगण असतं बघा. ह्या रेघेच्या भायेर तुमी हुबं ऱ्हायलासा तर तो तुमच्याकडं बघत बी न्हाई. अंगणात पाय टाकलासा की तो मागं सरतो. आन् ह्या आतल्या रेघेच्या आत, माजघरात गेलासा, तर मग तो मागं सरत न्हाई, अंगावर येतो. मी उंबऱ्यावर काम करतो. चाळीस वर्सं उंबऱ्यावर हुबा हाय.”

पुढे कित्येक वर्षांनी मला एका पुस्तकात हेच सापडलं. हेनी हेडिगर हे स्वित्झर्लंडचे प्राणिशास्त्रज्ञ, झुरिचच्या प्राणिसंग्रहालयाचे संचालक होते. त्यांनी ही दोन अंतरं शास्त्रात मांडली. एक, जनावर ज्या अंतरावर पळ काढतं ते. दुसरं, त्याहून आतलं. तिथे पळायला वाट नाही असं वाटून ते उलटतं. सर्कशीतला सिंह स्टुलावर चढतो तो कसा, हेही त्यांनी समजावून दिलं आहे. मास्तर पुढे येतो, सिंह मागे सरतो. मागे जाळी. मास्तर आणखी एक पाऊल टाकतो. आता सिंह उलटून त्याच्याकडे यायला निघतो, पण मधे स्टूल ठेवलेलं असतं. तो स्टुलावर चढतो आणि नेमक्या त्याच क्षणी मास्तर एक पाऊल मागे घेतो. दडपण गेलं. सिंह थांबतो. प्रेक्षक म्हणतात, काय हुकमात आहे बघा! असं शे-दोनशे वेळा झालं की सिंहाला कळतं, स्टुलावर चढलं की हा माणूस मागे जातो.

मला हे फार महत्त्वाचं वाटतं. कारण सर्कशीची बाजू मांडणारे आणि तिच्यावर तुटून पडणारे, दोघेही बहुधा चाबकाविषयी भांडतात. मारतात की मारत नाहीत? मारणारे होतेच. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेचा व्हॅन ॲम्बर्ग सिंहाच्या जबड्यात डोकं घालून दाखवायचा. त्याचा खेळ राणी व्हिक्टोरियानं १८३९ साली पुन्हा पुन्हा जाऊन पाहिला. त्याची रीत दांडगाईची होती. पुढे हांबुर्गच्या कार्ल हागेनबेकनं मांसाचा तुकडा देऊन, चुचकारून शिकवायची पद्धत आणली आणि जग म्हणालं, आता प्रश्न मिटला. आमचे मास्तर हागेनबेकच्या वळणाचे. त्यांनी हात उगारलेला मी कधी पाहिला नाही. पण त्यांनीच मारलेल्या त्या रेघा पाहा. खेळ उभा आहे तो वाघाला मागे सरावंसं वाटतं ह्यावर. आणि मागे सरायला जागा नाही ह्यावर. चाबूक अंगाला न लावताही हे चालतं.

आता खेळाबाहेरचं. वाघाचा खेळ पंधरा मिनिटांचा. दिवसाला तीन खेळ धरले तरी तास होत नाही. उरलेले तेवीस तास वाघ काय करतो? ह्याचं उत्तर द्यायला मी अगदी योग्य माणूस होतो, कारण मी तंबूच्या मागल्या बाजूनं यायचो. चाकांवरचा पिंजरा, माझ्या पावलांनी चार पावलं लांब. त्यात वाघीण जाते, वळते, येते, वळते. वळताना मान त्याच जागी तशीच उचलते. जमिनीवरच्या फळीला तिच्या पंजांनी गुळगुळीत वाट पडली होती. हत्ती साखळीला. एक पुढचा पाय आणि एक मागचा पाय बांधलेला. तो डावीकडून उजवीकडे झुलत राहायचा. लहानपणी मला वाटायचं, बँड वाजतोय म्हणून हत्ती ताल धरतो! सकाळी दहा वाजता, बँडवाले झोपलेले असताना तो तसाच झुलताना पाहिला तेव्हा मी पदवीधर पशुवैद्य होतो, आणि तरीही मला त्यात काही टिपून घ्यावंसं वाटलं नाही. जंगलातला हत्ती दिवसाचे सोळा-अठरा तास चरत, चालत असतो हे मला परीक्षेपुरतं ठाऊक होतं. ते आणि हे झुलणं मी एकत्र जोडलं नाही.

कसं जोडणार? दाखल्याच्या छापील कागदात तसा रकानाच नव्हता. ताप होता, भूक होती, जखम होती, चाल होती. चालीपुढे मी ‘ठीक’ लिहायचो. येरझारा घालणारी वाघीण लंगडत नव्हती ना, मग ठीक.

ह्या येरझारांना शास्त्रात महत्त्व आहे. निर्हेतुक, त्याच त्या हालचाली करत राहणं हे कोंडलेल्या जनावराच्या मनाची अवस्था सांगतं. कुणी म्हणेल, वाघ जंगलातही दिवसभर लोळतोच की. खरं आहे, लोळतो. पण २००३ साली ऑक्सफर्डच्या रॉस क्लब आणि जॉर्जिया मेसन ह्या संशोधक बाईंनी ‘नेचर’ ह्या नियतकालिकात एक तुलना मांडली. निरनिराळे मांसाहारी प्राणी बंदिवासात किती येरझारा घालतात आणि त्यांची पिल्लं किती मरतात, ते त्यांनी ताडून पाहिलं. शिकार करायला मिळत नाही म्हणून हे होतं, असा सर्वांचा अंदाज. निघालं वेगळंच. जंगलात ज्यांचा मुलूख मोठा, ते प्राणी कोंडल्यावर सर्वांत जास्त बिघडतात. वाघीण आपल्याकडच्या चांगल्या जंगलात वीसेक चौरस किलोमीटर मुलूख बाळगते. आणि आपण तिला चार पावलं दिली.

मंडळी म्हणतात, “अहो, पण आयतं खायला मिळतंय, वैद्य मिळतोय, जंगलात उपाशी मेले असते.” मांस मिळायचं हे मी सांगू शकतो, वैद्यही मिळायचा, तो वैद्य मीच. पण हा युक्तिवाद आपण माणसाच्या बाबतीत केला असता का? तुरुंगातही जेवण वेळेवर मिळतं. दुसरा मुद्दा मुलांचा: मुलांना प्राणी कळतात, प्राण्यांविषयी प्रेम वाटतं. मी स्वतःचंच सांगतो. दहा-बारा सर्कशी पाहून मला वाघाविषयी काय कळलं? तो स्टुलावर बसतो आणि पेटत्या कड्यातून उडी मारतो. उन्हाळ्यात वाघ पाणवठ्यात तासन् तास डुंबून बसतो, वाघीण दोन-दोन वर्षं पिल्लं सांभाळते, ह्यातलं अक्षर कळलं नाही. उलट एक चुकीची गोष्ट पक्की झाली: वाघ माणसासाठी असतो.

तिसरा मुद्दा पोटापाण्याचा, आणि तो मी असा झटकून टाकणार नाही. तुमच्या गल्लीत दरवेशी आलेला आठवतो? अस्वलाच्या नाकात दोर, हातात डमरू. आया आपल्या भित्र्या पोरांना अस्वलाच्या पाठीवर बसवायच्या, भीती जाते म्हणून. दरवेशी अस्वलाचे केस ताइतात घालायला विकायचा. त्या नाकातल्या दोराची कथा अशी. आईला मारून पिल्लू धरायचं, ते काही महिन्यांचं असताना तापलेल्या सळईनं त्याचं नाकाड आरपार भोसकायचं, सुळे पाडायचे आणि त्या न बऱ्या होणाऱ्या भोकातून दोर ओवायचा. डमरू वाजला की दोराला हिसका. अस्वल मागच्या पायांवर उभं राहायचं ते वेदना चुकवायला, आणि आपण म्हणायचो, नाचतंय! १९७२ च्या वन्यजीव कायद्यानं हे बेकायदा झालं, पण तरी पुढची तीस वर्षं चालत राहिलं. का? कारण कलंदर समाजाच्या त्या माणसाला दुसरा धंदाच येत नव्हता. आग्र्याजवळ २००२ पासून अशी अस्वलं ठेवून घ्यायची सोय झाली. ती चालवणाऱ्यांनी शहाणपणा असा केला की अस्वल सोडणाऱ्या कुटुंबाला दुसऱ्या धंद्यासाठी भांडवल दिलं, मुलांना शाळेत घातलं. २००९ च्या डिसेंबरात शेवटचं नाचरं अस्वल त्यांच्याकडे आलं. नुसता कायदा दाखवून हे झालं नसतं, असं माझं स्पष्ट मत आहे.

सर्कशीचं कायद्यानंच झालं. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्याविरुद्धचा कायदा १९६० चा. त्याच्या २२व्या कलमात सरकारला असा अधिकार आहे की अमुक प्राण्याला खेळासाठी शिकवायचं नाही, त्याचा खेळ दाखवायचा नाही. तो अधिकार तीस वर्षं झोपून होता. १९९१ साली पहिली अधिसूचना निघाली. सर्कसवाले न्यायालयात गेले. १९९८ च्या ऑक्टोबरात ती नव्यानं निघाली: अस्वल, माकड, वाघ, बिबळ्या आणि सिंह. पुन्हा न्यायालय. सन २००० मध्ये केरळ उच्च न्यायालयानं बंदी उचलून धरली आणि कायद्यानं मिळणारे हक्क माणसापुरतेच का असावेत, असा प्रश्न निकालपत्रात विचारला. २००१ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयानंही सर्कसवाल्यांचं अपील फेटाळलं. हत्ती त्या यादीत नव्हता. घोडा, कुत्रा, पोपट नव्हते. यादी अशी का, ह्याचं समाधानकारक उत्तर मला अजून मिळालेलं नाही.

मास्तरांचे वाघ-सिंह न्यायला गाडी आली त्या दिवशी प्रवासाचे दाखले द्यायला मीच होतो. तोवर मास्तर फार म्हातारे झाले होते, खेळ त्यांचा पुतण्या करायचा. पण ते काठी टेकत आले. प्रत्येक पिंजऱ्यापुढे थांबले. वाघाच्या नाकाशी वारा सोडल्यासारखा ते ‘फुर्र’ असा आवाज काढत. वाघ ओळखीच्या माणसाला असा आवाज करतात, तोच. दोघांनी उत्तर दिलं, एकानं नाही. मग माझ्याकडे वळून ते म्हणाले, “डॉक्टर, मी मारलं न्हाई. तुमी बघितलंय. माझ्या पोराच्या ताटात नसंल त्या दिवशी बी ह्यांच्या पुढ्यात पडलंय. मग माझं चुकलं कुठं, तेवढं सांगा.”

मी काही बोललो नाही. कागद गुडघ्यावर ठेवून सही केली. प्रवासाला योग्य.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे आज आहे. पण ते ऐकायला मास्तर नाहीत. मास्तर, चूक तुमच्या हातात नव्हती. तुम्ही उंबऱ्यावर उभे राहिलात ते आम्ही तिकीट काढून समोर बसलो होतो म्हणून. तुम्ही त्यांना तुमच्या परीनं जपलंत, आणि तरी त्यांचं आयुष्य चार पावलांचं झालं. दोन्ही एकाच वेळी खरं आहे. जपणारा माणूस चांगला होता म्हणून कोंडणं चांगलं ठरत नाही. हे मला त्या वेळी उमगलं असतं तरी म्हणवलं असतं की नाही, शंका आहे.

सर्कशीतून सुटलेल्या वाघ-सिंहांसाठी सरकारनं बंगळूरजवळ बन्नेरघट्टा, तिरुपती, विशाखापट्टण, जयपूर, भोपाळ अशा ठिकाणी केंद्रं उभारली. जंगलात त्यांना सोडणं शक्यच नव्हतं. पिंजऱ्यात जन्मलेल्या वाघाला शिकार येत नाही आणि माणसाची भीती नाही; असा वाघ जंगलाशेजारच्या गावाला भारी पडेल. सिंहांचं तर आणखी विचित्र. सर्कशींनी आफ्रिकेतले आणि गीरचे सिंह एकमेकांत मिसळून टाकले होते, त्यामुळे ते ना इकडचे ना तिकडचे. त्यांची पैदास होऊ द्यायची नाही असं ठरलं. आहेत ते जगवायचे आणि ती पिढी संपू द्यायची. आपल्या करमणुकीचा हिशेब असा वीस-वीस वर्षं चालत राहतो, ते तिकिटावर छापलेलं नसतं.

तीनेक वर्षांनी एका व्यावसायिक दोस्ताच्या ओळखीनं मी असं एक केंद्र आतून पाहिलं. बरेचसे वाघ-सिंह सुखात दिसले, खोटं कशाला सांगू? उन्हात उताणे पडले होते. एक वाघ हौदात नुसतं डोकं वर ठेवून बसला होता, मला तेवढं पाहूनच बरं वाटलं. पण एका आवारात, झाडं आणि गवत असलेल्या चांगल्या ऐसपैस आवारात, एक म्हातारा सिंह कुंपणालगत चालत होता. चार पावलं. वळला. चार पावलं. वळताना मान तशीच उचलली. पुढे मोकळी जागा पसरलेली होती. तिथल्या पोरानं सांगितलं, “आल्यापासून असाच आहे, सर. अन्न सोडलं तर तिकडं जात नाही.” मी त्याच्या चालीपुढे ‘ठीक’ लिहिलं असणार, ह्याच सिंहाच्या नसेल तर त्याच्यासारख्या दुसऱ्या कुणाच्या.

हत्तीचं काय झालं, असं तुम्ही विचाराल. केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणानं पुढे सर्कशींच्या मान्यता काढून घेतल्या, तेव्हा तेही सुटले. पण आपल्याकडे हत्ती केवळ सर्कशीत नसतो. २०२५ साली नांदणी मठाची महादेवी हत्तीण न्यायालयाच्या आदेशानं जामनगरला नेली तेव्हा आमच्या भागात घराघरांत माणसं रडली, हजारो लोक रस्त्यावर उतरले. त्या रडण्याची टिंगल करणाऱ्यांतला मी नाही. तिथे भक्ती होती, करमणूक नव्हती, हेही मान्य. फक्त पशुवैद्य म्हणून इतकंच म्हणतो: तुम्ही-मी तिच्यावर किती प्रेम केलं, हा एक प्रश्न. तिचे पाय कसे होते, ती दिवसाचे किती तास एका जागी उभी होती, तिला दुसरा हत्ती कधी दिसला, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर देऊन दुसरा सुटत नाही. मास्तरांपाशीही तो तसाच अडला होता.

आणि आता तर तंबूही उरला नाही. आता आपण वाघाकडे जातो. जंगल सफारी मला सर्कशीपेक्षा कितीतरी बरी वाटते, त्यात वाद नाही. वाघ आपल्या घरी असतो, आलेला पाहुणा आपण असतो. पण २०२४ च्या ३१ डिसेंबरला उमरेड-कऱ्हांडला अभयारण्यात काय झालं ते तुम्ही वाचलं असेल. एक वाघीण आणि तिचे पाच बछडे, आणि दोन्ही बाजूंनी पर्यटकांच्या जिप्सी. त्यांना पुढे जायला वाट नाही, मागे जायला वाट नाही. त्याचं चित्रीकरण सगळीकडे फिरलं आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानं आपण होऊन त्याची दखल घेतली. मी ते चित्रीकरण पाहिलं तेव्हा मला जमिनीवरच्या त्या तीन रेघा आठवल्या. पुढे माणूस, मागे माणूस, सरायला जागा नाही. स्टूल तेवढं नव्हतं.

गेल्या हिवाळ्यात नातीच्या हट्टापायी मीही विदर्भातल्या एका जंगलात गेलो होतो. सहा जणांची जिप्सी, त्यात आम्ही दोघं. दोन तास काही दिसलं नाही, मग वळणावर अचानक वाघीण. रस्त्याच्या कडेला बसलेली. चालकानं गाडी हळूहळू पुढे घेतली. कॅमेरे चालू झाले. आणखी पुढे घेतली. वाघीण उठली, दोन पावलं मागे सरली, कान मागे गेले. तिच्या मागे नाल्याचा उभा काठ होता. मी चालकाच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, “बाळा, गाडी मागं घे. तिच्या अंगणात शिरलोय आपण.” त्यानं माझ्याकडे पाहिलं, वाटाड्यानं त्याला मान हलवून खूण केली आणि गाडी तीस-चाळीस फूट मागे आली. वाघीण क्षणभर थांबली. मग रस्ता ओलांडून पलीकडच्या बांबूत शिरली.

नातीला तिचे पट्टे नीट दिसले. गाडीतली बाकीची चार माणसं मात्र गेटपर्यंत माझ्याशी एक शब्द बोलली नाहीत.